वैमानिकाचा फर्लो

'फर्लो' हा शब्द महाराष्ट्रातील जुन्या घराण्यांना अपरिचित नाही. इंग्रजी अमदानीत गोरा अधिकारी काही वर्षांची नोकरी झाली म्हणजे कमी पगारावर दीर्घ रजा घेऊन विलायतेस जाई. त्या रजेस फर्लो म्हणत. पुढे हाच शब्द तुरुंगाच्या नियमांत शिरला, आणि शिक्षा भोगीत असलेल्या कैद्यास मिळणाऱ्या संचित रजेला महाराष्ट्रात आजही फर्लो असेच म्हणतात. शब्द मूळचा डच भाषेतला, आणि त्याचा अर्थ रजा असा आहे. अधिकारी काय किंवा कैदी काय, दोघांनाही फर्लो मिळाला म्हणजे आनंदच होतो. अमेरिकेतील विमान कंपन्यांत मात्र या शब्दाने वैमानिकाच्या घरात चिंतेची छाया पसरते. तेथे फर्लो कोणी मागत नाही. कंपनीचा धंदा बसला म्हणजे ती आपल्या काही वैमानिकांस पगार बंद करून घरी बसविते, आणि दिवस पालटले म्हणजे परत बोलावू असे सांगते. या घरी बसण्याला मुदत नसते. तो काळ चार महिन्यांचा ठरेल की दहा वर्षांचा, हे बसविणाऱ्यासही ठाऊक नसते आणि बसणाऱ्यासही नसते.

हा प्रकार नीट समजावयाचा तर वैमानिकांची ज्येष्ठता-यादी म्हणजे काय हे प्रथम पाहिले पाहिजे. अमेरिकेत रेल्वे कामगारांसाठी १९२६ साली झालेला कायदा १९३६ साली विमान कंपन्यांनाही लागू करण्यात आला. त्याच्या आधाराने वैमानिकांच्या संघटना कंपन्यांशी करार करू लागल्या, आणि या करारांचा कणा म्हणजे ज्येष्ठतेची यादी. ज्या दिवशी वैमानिक नोकरीस लागतो त्या दिवशी त्यास एक क्रमांक मिळतो. पुढे तो कोणते विमान चालविणार, कोणत्या शहरी राहणार, दिवाळी-नाताळची रजा त्यास मिळणार की नाही, सहवैमानिकाचा कॅप्टन केव्हा होणार, हे सर्व त्या क्रमांकावर ठरते. वरचे लोक निवृत्त होत जातात तसतसा तो वर सरकतो. कौशल्य अधिक म्हणून कोणी वर चढत नाही आणि साहेबाची मर्जी खप्पा झाली म्हणून कोणी खाली येत नाही. वशिल्याला जागा नाही, हा या पद्धतीचा मोठाच गुण आहे.

परंतु संकटाच्या वेळी हीच यादी तळापासून कापली जाते. जो शेवटी आला तो प्रथम जातो. समजा, एका कंपनीत पाच हजार वैमानिक आहेत आणि पाचशे कमी करावयाचे आहेत; तर चार हजार पाचशेच्या पुढील सर्व क्रमांक घरी जातात. परत बोलावताना क्रम उलटा होतो. शेवटी गेलेला प्रथम येतो, आणि तळाचा मनुष्य सर्वांच्या मागून. आता कोणी म्हणेल, एवढे शिक्षण व अनुभव असलेल्या मनुष्याने दुसऱ्या कंपनीत का जाऊ नये? तो जाऊ शकतो. पण त्याचा क्रमांक त्याजबरोबर जात नाही. जुन्या कंपनीत वीस वर्षे विमान चालविलेला कॅप्टन नव्या कंपनीत गेला म्हणजे काल भरती झालेल्या पंचविशीतील तरुणाच्या खाली त्याचे नाव लागते, आणि पगारही बहुधा तळाचाच मिळतो. डॉक्टर आपला लौकिक घेऊन गाव बदलतो, वकील आपली पक्षकार मंडळी घेऊन कचेरी बदलतो. वैमानिकास आपली ज्येष्ठता मागेच टाकावी लागते. म्हणूनच घरी बसविलेला वैमानिक जुन्या क्रमांकाला चिकटून राहतो, आणि बोलावण्याच्या आशेवर वर्षे घालवितो.

ही वेळ विमान कंपन्यांवर वारंवार का येते, याचे कारण त्या धंद्याच्या घडणीत आहे. विमानांची भाडी आणि कर्जाचे हप्ते प्रवासी कमी झाले म्हणून कमी होत नाहीत. इंधनाचे भाव कंपनीच्या हाती नसतात. रिकाम्या गेलेल्या आसनाचे मोल विमान उडताच शून्य होते; ते गोदामात ठेवून उद्या विकता येत नाही. उलट युद्ध, साथ, मंदी, तेलाची टंचाई यांपैकी काहीही झाले की लोक प्रथम प्रवासच रद्द करतात. अमेरिकेत १९७८ च्या कायद्याने भाडी आणि मार्ग यांवरील सरकारी नियंत्रण उठले. तिकिटे स्वस्त झाली आणि प्रवासी वाढले, परंतु कंपन्यांची जीवनशाश्वती गेली. ब्रॅनिफ १९८२ साली बंद पडली. ईस्टर्न आणि पॅन अमेरिकन या दोन्ही नामांकित कंपन्या १९९१ या एकाच वर्षी मिटल्या. त्यांच्या वैमानिकांचे क्रमांक कंपनीबरोबरच नाहीसे झाले.

११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर जे घडले ते या विषयातील सर्वांत बोधप्रद उदाहरण होय. अमेरिकेतील मोठ्या कंपन्यांनी हजारो वैमानिकांस घरी बसविले. युनायटेड कंपनीने २००२ साली दिवाळखोरीच्या कायद्याचा आश्रय घेतला. डेल्टा व नॉर्थवेस्ट यांनी २००५ साली एकाच दिवशी तोच मार्ग धरला. पगार कापले गेले, आणि युनायटेडच्या वैमानिकांची ठराविक रकमेची निवृत्तिवेतन-योजना मोडीत निघाली. त्याच वर्षी, २००१ साली, अमेरिकन एअरलाइन्सने टीडब्ल्यूए ही जुनी कंपनी विकत घेतली होती. दोन याद्या एकत्र करताना टीडब्ल्यूएच्या बहुसंख्य वैमानिकांची नावे अमेरिकनच्या यादीच्या तळाशी जोडली गेली. लवकरच कपातीची कुऱ्हाड पडली तेव्हा अनुभवाने पिकलेली ही माणसे सर्वांच्या आधी बाहेर गेली. त्यांच्या हातून कोणताही अपराध घडला नव्हता; त्यांचा क्रमांक तेवढा चुकीच्या वेळी चुकीच्या जागी होता.

परत बोलावणे सुरू होईल असे वाटू लागले तोच दुसरी गोष्ट घडली. १३ डिसेंबर २००७ रोजी अमेरिकेने वैमानिकांचे निवृत्तीचे वय साठावरून पासष्टावर नेले. निवृत्तिवेतन गमावलेल्या वृद्ध कॅप्टनांस हा दिलासाच होता. परंतु वरची जागा पाच वर्षे रिकामी होईना, त्यामुळे तळाचा मनुष्यही सरकेना. लागलीच २००८ ची मंदी आली, आणि युनायटेडने सुमारे १,४०० वैमानिकांस पुन्हा घरी बसविले. त्यांत असेही लोक होते की ज्यांनी २००१ नंतरचा एक फर्लो आधीच भोगलेला होता. एकाच आयुष्यात, एकाच कंपनीकडून, दोन वेळा!

यानंतर २०२० साल उजाडले आणि करोनाच्या साथीने जगातील आकाश जवळजवळ रिकामे झाले. अमेरिकन सरकारने मार्चमध्ये कायदा करून प्रवासी विमान कंपन्यांस पगारासाठी २५ अब्ज डॉलरपर्यंत साहाय्य दिले. अट अशी की ३० सप्टेंबरपर्यंत कोणासही सक्तीने घरी बसवू नये. मुदत संपताच १ ऑक्टोबर रोजी अमेरिकन आणि युनायटेड या दोन कंपन्यांनी मिळून ३२ हजारांवर नोकरांस कमी करण्यास प्रारंभ केला. डिसेंबरात पुन्हा साहाय्य मंजूर झाले व या लोकांस परत बोलावणे आले. डेल्टा कंपनीत निराळाच मार्ग निघाला. तेथील वैमानिकांनी आपल्या किमान हमी-पगारात पाच टक्के घट सोसण्याचे मान्य केले, आणि सुमारे १,७०० कनिष्ठ बंधूंचा फर्लो टळला. थोडे थोडे सर्वांनी सोसले तर काहींना सर्वस्व गमवावे लागत नाही, ही गोष्ट या करारात दिसली. पुढील नवल तर असे की साथीत ज्या कंपन्यांनी जुन्या वैमानिकांस पैसे देऊन लवकर निवृत्त केले, त्यांनाच २०२२ साली वैमानिकांची टंचाई भासू लागली.

आपल्याकडे प्रकार थोडा निराळा आहे. भारतीय कंपन्यांत परत बोलावण्याचा हक्क असलेला करारबद्ध फर्लो अमेरिकेप्रमाणे रुजलेला नाही. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याने शेवटी आलेल्यास प्रथम काढावे व पुन्हा भरती करताना काढलेल्यास प्राधान्य द्यावे, असे तत्त्व घातले होते, आणि २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेतही ते राखले गेले आहे; परंतु ते 'कामगार' या संज्ञेत बसणाऱ्यांसाठी आहे, आणि मोठ्या पगाराचा वैमानिक त्या संज्ञेत बसतो की नाही यावर वाद होत आले आहेत. प्रत्यक्षात येथील वैमानिकावर जे संकट येते ते दोन रूपांनी येते. एक बिनपगारी रजा: २०२० च्या जुलैत, त्या वेळी सरकारी असलेल्या एअर इंडियाने नोकरांस सहा महिने ते दोन वर्षे, आणि वाढवून पाच वर्षांपर्यंत, बिनपगारी रजेवर पाठविण्याची योजना काढली होती. दुसरे रूप अधिक भयंकर. ते म्हणजे कंपनीच बंद पडणे. किंगफिशर २०१२ च्या ऑक्टोबरात थांबली, मुंबईची जेट एअरवेज १७ एप्रिल २०१९ रोजी, आणि गो फर्स्ट ३ मे २०२३ रोजी. किंगफिशर आणि जेट यांच्या बाबतीत तर उड्डाणे बंद होण्यापूर्वी कित्येक महिने पगार थकलेले होते. जेट पुन्हा उडेल अशी आशा पाच वर्षे तेवत राहिली. ७ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कंपनीचे अवसायन करण्याचा हुकूम दिला तेव्हा ती मालवली. अंधेरी, पवई, ठाणे या भागांतील अनेक घरांना या आशेची किंमत मोजावी लागली.

अशा वेळी काय करावे, हा खरा प्रश्न आहे. आणि त्याचे तीन भाग पडतात: पैसा, परवाना आणि मन.

पैशाच्या बाबतीत पहिली अडचण अशी की वैमानिक बहुधा कर्ज काढूनच वैमानिक झालेला असतो. शिक्षणासाठी आणि पुढे विशिष्ट जातीच्या विमानाची पात्रता मिळविण्यासाठी लक्षावधी रुपये खर्चावे लागतात, आणि कित्येक आईबापांनी त्यासाठी घर तारण ठेवलेले असते. पगार सुरू झाला की राहणी वाढते व नवे हप्ते जोडले जातात. म्हणून पगार थांबल्याच्या पहिल्याच आठवड्यात नवराबायकोने एकत्र बसून महिन्याच्या खर्चाचा कागद मांडावा, हे उत्तम. कोणता खर्च आजच थांबेल, कोणता तीन महिन्यांनी थांबेल आणि कोणता थांबूच शकत नाही, हे त्यात स्वच्छ दिसते. बँकेचा हप्ता चुकण्यापूर्वी बँकेत जाऊन बोलणे आणि चुकल्यानंतर बोलावणे येणे, यांत फार अंतर आहे. परवाना-हानीचा विमा असलेले पुष्कळजण त्यावर विसंबतात. परंतु तो विमा प्रकृतीमुळे परवाना गेल्यास उपयोगी पडतो, कंपनीने घरी बसविल्यास नव्हे. कंपनी दिवाळ्यात निघाल्यास थकलेल्या पगाराचा दावा ठरलेल्या नमुन्यात व मुदतीत दाखल करावा लागतो. २०१६ च्या दिवाळखोरी संहितेत अवसायनाच्या वेळी कामगारांची चोवीस महिन्यांची देणी तारणधारक सावकारांच्या पंक्तीस बसविली आहेत, आणि इतर नोकरांची बारा महिन्यांची देणी त्यांच्या खालोखाल. रक्कम केव्हा आणि किती हाती येईल याचा भरवसा नाही. पण ज्याने दावाच केला नाही त्यास काहीच मिळणार नाही, एवढे निश्चित.

दुसरा भाग परवान्याचा. वैमानिकाची विद्या वापरावाचून गंजते, हे कायद्यानेही ओळखले आहे. मागील नव्वद दिवसांत निदान तीन उड्डाणे व तीन अवतरणे झालेली नसतील तर प्रवासी घेऊन विमान चालविता येत नाही. ठराविक मुदतीने सिम्युलेटर नावाच्या कृत्रिम विमानकक्षात परीक्षा द्यावी लागते, आणि वैद्यकीय तपासणीही दरवर्षी होते. नोकरीत असताना हा सर्व खर्च व खटाटोप कंपनी करते. घरी बसल्यावर तो स्वतःच्या खिशातून करावा लागतो. वैद्यकीय दाखला जिवंत ठेवणे त्यांतल्या त्यांत स्वस्त आणि सर्वांत आवश्यक. उड्डाणाच्या तासांची नोंदवही कंपनीकडून प्रमाणित करून घेणे आणि दुसरीकडे नोकरीस लागण्यासाठी लागणारा ना-हरकत दाखला मिळविणे, ही कामे कंपनीच्या कचेरीत माणसे बसत आहेत तोवरच उरकावीत. दाराला कुलूप लागल्यावर सही कोणाची आणावी हा प्रश्न पडतो. उड्डाणाचे काम न मिळाल्यास उड्डाणाजवळचे काम धरावे: प्रशिक्षण-शाळेत शिकविणे, सिम्युलेटरवर शिक्षक होणे, मालवाहू विमानांवर जाणे, परदेशी कंपनीत मुदतबंद नोकरी करणे. अमेरिकेतील काही करारांत बोलावणे आले असता ते तूर्त नाकारून आपला क्रमांक राखण्याची मुभा असते. ज्याने दुसरीकडे नुकता जम बसविला आहे त्यास ही मुभा फार मोलाची वाटते.

तिसरा भाग मनाचा, आणि त्याविषयी सर्वांत कमी बोलले जाते. व्हिएन्नाजवळच्या मारिएनताल या खेड्यात १९३० च्या सुमारास कापडाची गिरणी बंद पडली व जवळजवळ सारा गाव बेकार झाला. मारी याहोदा, पाउल लाझार्सफेल्ड आणि हान्स झाइझेल या तिघांनी त्या गावाचे निरीक्षण करून १९३३ साली ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात आढळून आले ते विलक्षण होते. वेळ भरपूर असूनही गावच्या वाचनालयातून पुस्तके नेणे कमी झाले. रस्त्याने जाणारे पुरुष सावकाश चालू लागले आणि जागोजाग थांबू लागले. बायका मात्र पूर्वीप्रमाणेच लगबगीने चालत होत्या, कारण घरचे काम संपलेले नव्हते. नोकरी पगाराखेरीज मनुष्यास दिवसाची आखणी, चार लोकांचा सहवास, सर्वांनी मिळून साधावयाचा हेतू, समाजातील स्थान आणि नियमित उद्योग ह्या पाच गोष्टी देते, असे याहोदा यांनी पुढे मांडले.

वैमानिकाच्या बाबतीत ह्या पाचही गोष्टी इतरांहून अधिक घट्ट विणलेल्या असतात. त्याचा महिना कंपनीच्या वेळापत्रकाने आखलेला असतो. केव्हा झोपावे आणि केव्हा उठावे हेही तेच ठरविते. खांद्यावरील चार पट्ट्यांनी त्याची ओळख होते. ते वेळापत्रक एकाएकी कोरे झाले की मारिएनतालच्या पुरुषांसारखी त्याची चाल मंदावते. त्यात आणखी एक गाठ आहे. मन खचले असे डॉक्टरास सांगावे तर वैद्यकीय दाखला जाईल, या भीतीने वैमानिक गप्प बसतात. ही भीती अगदीच निराधार नाही. तथापि नियम हळूहळू बदलत आहेत. अमेरिकेत २०१० पासून नैराश्यावरील काही औषधे घेत असताही, योग्य देखरेखीखाली, उड्डाणाची परवानगी मिळू शकते. आणि वैमानिकांसाठी साहाय्य-योजना ठेवण्याचे बंधन युरोपने २०१८ च्या नियमाने विमान कंपन्यांवर घातले. या योजनांत वैमानिकाचे ऐकून घेण्यास दुसरा वैमानिकच असतो, हे त्यांतील मर्म होय. ज्यास कंपनीची योजना उरली नाही त्याने आपल्याबरोबर घरी बसलेल्या चार सोबत्यांशी नियमाने भेटणे, ठराविक वेळी उठणे, आणि दिवसातील एक काम तरी घड्याळाप्रमाणे करणे, हे लहान उपाय पुष्कळ काम करतात.

घरच्या माणसांचाही यात वाटा आहे. नोकरी कंपनीच्या यादीमुळे गेली, मनुष्याच्या नालायकीमुळे नव्हे, हे मुलांना एकदा सरळ सांगितलेले बरे. बाबा रोज घरी का असतात याचा अर्थ मुले आपल्या मनाने लावू लागली तर तो अधिक वाईट लावतात. 'पुन्हा केव्हा उडणार?' असे शेजारीपाजारी आणि नातलग प्रेमानेच विचारतात. पण ज्याचे उत्तर त्याजपाशी नाही असा प्रश्न रोज विचारल्याने मनुष्य लोकांत जाणेच टाळू लागतो. पत्नीची मिळकत असेल तर तिच्यावर काही काळ घर चालणे यात कमीपणा मानण्याचे कारण नाही. मारिएनतालमध्ये ज्यांच्या हाती घरचे काम होते त्यांची चाल मंदावली नाही, हे घरी बसलेल्या पुरुषाने स्वयंपाकघराकडे पाहताना ध्यानात घ्यावे.

फर्लोचे खरे दुःख आशेत आहे. नोकरी कायमची गेली असे ठाऊक असते तर मनुष्य रडून मोकळा होतो आणि दुसरा रस्ता धरतो. येथे दार बंद झालेले नसते, नुसते लोटलेले असते, आणि त्याकडे पाहत बसण्यात वर्षे जातात. जेटच्या नोकरांनी पाच वर्षे पाहिली. अमेरिकेत कित्येकांनी त्याहून अधिक पाहिली. म्हणून वैमानिकाच्या घराने दोन हिशेब निरनिराळे ठेवावेत. खर्चाचा हिशेब बोलावणे कधीच येणार नाही असे समजून मांडावा, आणि परवाना, प्रकृती व नोंदवही ही मात्र बोलावणे उद्याच येणार असे समजून तयार ठेवावीत. हे हिशेब उलटे झाले, म्हणजे आशेवर कर्ज काढले आणि निराशेने वैद्यकीय दाखला संपू दिला, तर २०२२ सारखे दिवस येऊन कंपन्या वैमानिक शोधू लागतात तेव्हा तो मनुष्य जाण्याच्या स्थितीत राहिलेला नसतो. आणि ज्यांचे पगार आज वेळेवर येत आहेत अशा वैमानिकांच्या घरांनी हे दोन्ही हिशेब आजच मांडावेत. कारण या धंद्यात तळाचा क्रमांक कोणाचा ठरेल हे पुढच्या लाटेपर्यंत कोणासही सांगता येत नाही.